एकच गोष्ट तीनदा सांगणारा माणूस

आपल्या जुन्या नाटकांतला एक हुकमी प्रसंग वाचकांच्या चांगल्या परिचयाचा असेल. शेवटचा अंक येतो, नायिकेच्या दंडावरचा तीळ किंवा गळ्यातला ताईत कोणाच्या तरी दृष्टीस पडतो आणि उघडकीस येते की, लोकांच्या घरी भांडी घासणारी ही पोर खरोखरी कोणा सरदाराची हरवलेली कन्या आहे! मग काय विचारता! सगळीकडे आनंदीआनंद होतो, अडून राहिलेले लग्न ठरते आणि प्रेक्षक डोळे पुसत घरी जातात.

आता हाच प्रसंग उलटा करून पाहा. नायिका गोरी, नायक काळा. दोघांचे एकमेकांवर मन जडलेले. पण अमेरिकेत अशा लग्नाला समाज आडवा येतो आणि कित्येक राज्यांत कायदाही आडवा येतो. नायक मन मारून दूर निघून जातो. आणि मग कळते की, नायिकेच्या घराण्यात आफ्रिकन रक्त आहे. म्हणजे त्या देशाच्या हिशेबाने ती गोरी नव्हेच! जी बातमी ऐकून तिकडच्या भल्याभल्या घरांत रडारड झाली असती, तीच या मुलीला सुवार्ता वाटते. ती थेट नायकाचा पत्ता काढत निघते.

ही गोष्ट रचणाऱ्या माणसाचे नाव ऑस्कर मिशो. १९१९ साली त्याने तिचा मूकपट काढला, १९३१ साली बोलपट काढला आणि १९४८ साली, साठी ओलांडल्यावर, पुन्हा तिसऱ्यांदा तीच गोष्ट पडद्यावर आणली. मधल्या तीस वर्षांत त्याने चाळीसच्या वर चित्रपट काढले, तेही हॉलिवुडच्या एकाही स्टुडिओच्या दारात उभे न राहता. कथा त्याची, दिग्दर्शन त्याचे, पैसा त्याने जमवलेला, आणि तयार चित्रपटाचे डबे मोटारीत घालून गावोगाव हिंडणाराही तोच.

एकच गोष्ट माणूस तीनदा का सांगतो? पहिल्या दोन खेपांना ती नीट जमली नाही, असे एक कारण असू शकते. पण ती त्याला स्वतःच्या आयुष्यात जमली नव्हती, हे कारण मला अधिक खरे वाटते.

पुलमनचा हमाल, डाकोटाचा शेतकरी

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे आपले पुस्तक गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या अमेरिकन लोकांना अर्पण केले, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्यानंतर अकरा वर्षांनी, २ जानेवारी १८८४ रोजी, इलिनॉय राज्यातल्या मेट्रोपोलिस गावाजवळच्या एका शेतावर ऑस्करचा जन्म झाला. त्याचा बाप जन्माने गुलामच होता. घरात खाणारी तोंडे पुष्कळ. सतरा वर्षांचा झाल्यावर पोरगा शिकागोला गेला. तिथे त्याने मिळेल ते काम केले, बूट पुसण्याचा ठेलाही चालवला, आणि पुढे पुलमन कंपनीच्या आगगाड्यांत शयनयानाचा नोकर म्हणून लागला. उतारूंचे अंथरूण घालायचे, सामान उचलायचे, जोडे चकाकवायचे. त्या गाड्यांतल्या सगळ्या काळ्या नोकरांना उतारू सरसकट ‘जॉर्ज’ म्हणून हाक मारीत, कारण कंपनीच्या मालकाचे नाव जॉर्ज पुलमन होते. गुलामाला धन्याच्या नावाने ओळखायची सवय इतक्या लवकर कुठली जायला!

पण या नोकरीने ऑस्करला दोन गोष्टी दिल्या. गाठीला थोडा पैसा जमला आणि सारा देश नजरेखालून गेला. १९०५ च्या सुमारास त्याने साऊथ डाकोटात, जिथे सरकार वसाहतीसाठी जमिनी देत होते, तिथे एक तुकडा मिळवला. भोवती सगळे गोरे. ज्याने जन्मात धडपणे नांगर धरला नाही तो आगगाडीतला नोकर शेती काय करणार, अशी कुचेष्टा झाली. गड्याने पहिल्याच हंगामात शेजाऱ्यांहून अधिक रान नांगरून काढले आणि कुचेष्टा बंद पाडली.

याच माळरानावर स्कॉटिश वंशाच्या एका शेजाऱ्याच्या मुलीवर त्याचे मन बसले. तिचेही त्याच्यावर होते, असे तो लिहितो. १९०९ साली साऊथ डाकोटाने काळ्या-गोऱ्यांच्या विवाहाला बंदी करणारा कायदा केला. पण मिशोने माघार घेतली ती केवळ कायद्याला भिऊन घेतली, असे त्याच्या लिहिण्यावरून दिसत नाही. गोरी बायको केली तर आपल्याच लोकांना आपण पारखे होऊ, ही टोचणी त्याला अधिक होती. १९१० साली त्याने शिकागोतल्या एका काळ्या धर्मोपदेशकाच्या मुलीशी लग्न केले. ते लग्न टिकले नाही. मूल जन्मतःच गेले, सासरा येऊन मुलीला घेऊन गेला, पुढे अवर्षण पडले आणि हां हां म्हणता जमीनही हातची गेली.

बायको गेली, शेत गेले, तेव्हा हा गृहस्थ लिहायला बसला.

१९१३ साली त्याने स्वतःचीच कहाणी कादंबरीच्या रूपाने छापली. तिच्यावर लेखकाचे नाव घातले नव्हते. पुस्तके पोत्यात भरून तो गोऱ्या शेतकऱ्यांच्या दारोदार हिंडला आणि ती विकलीही. पहिल्या पुस्तकात स्कॉटिश मुलगी नायकाला दुरावते ती दुरावतेच. पण १९१७ साली ‘द होमस्टेडर’ या कादंबरीत त्याने तीच कहाणी पुन्हा लिहिली, तेव्हा शेवट बदलला. मुलीच्या आईकडून आलेले आफ्रिकन रक्त त्याने शोधून काढले. काढले म्हणजे कल्पनेत काढले. खऱ्या मुलीच्या बाबतीत असे काही नव्हते. जे आयुष्यात सुटले ते लेखणीने सोडवले.

एका थेंबाचा हिशेब

इथे थोडे थांबून तिकडचा हिशेब समजावून घेतला पाहिजे. गुलामगिरीच्या काळात मुलाचा दर्जा आईवरून ठरे. साहजिकच गोऱ्या धन्याला काळ्या दासीपासून झालेले मूल धन्याचे वारस होत नसे, ते धन्याची मालमत्ता होई. असे पिढ्यान्‌पिढ्या चालले. त्यामुळे रंगाने युरोपियनांहून फिके नसलेले, पण कागदोपत्री काळे, असे असंख्य लोक निर्माण झाले. गुलामगिरी गेल्यावर हिशेब अधिकच कडक झाला. आफ्रिकन रक्ताचा एक थेंबही माणसाला काळा ठरवण्यास पुरेसा, हे तत्त्व पुढे पुढे कित्येक राज्यांच्या कायद्यांत शिरले. व्हर्जिनियाने १९२४ साली तसा कायदा केला. तो तेथील विवाहबंदीसह १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला.

ज्यांचा रंग उजळ होता त्यांना एक चोरवाट मोकळी होती. आपले गाव सोडायचे, आईबापांना विसरायचे आणि परक्या शहरात गोरे म्हणून राहायचे. नोकरी चांगली मिळे, घर चांगल्या वस्तीत मिळे. किंमत एवढीच की, पुढे कधी रस्त्यात सख्खी आई भेटली तर ओळख द्यायची नाही.

मिशोने ही ओळख न देणारी माणसे पडद्यावर आणली. १९२० च्या ‘द सिम्बॉल ऑफ द अन्‌कॉन्कर्ड’ या मूकपटात ड्रिस्कॉल नावाचा खानावळवाला आहे. तो मिश्र रक्ताचा, पण गोरा म्हणून मिरवणारा. एका गोऱ्या मुलीशी त्याचे जमत आलेले असताना त्याची काळी आई मायेने पुढे येते आणि क्षणात सारे संपते. तेव्हापासून तो स्वतःच्या जातीचा असा द्वेष करू लागतो की, गोऱ्यांनीही लाजावे. त्याच चित्रपटाची नायिका ईव्ह रंगाने त्याच्याइतकीच उजळ, पण ती आपले कुळ लपवीत नाही. म्हणून तिला तो रात्री खोली नाकारून धान्याच्या कोठारात झोपायला लावतो. नायक मात्र तिला गोरी समजून शेवटपर्यंत मनातले बोलत नाही. एकाच रंगाची दोन माणसे, एकाने रंगाचे भांडवल केले, दुसरीने केले नाही. सगळा चित्रपट एवढ्यावर उभा आहे, आणि पक्का उभा आहे.

त्याच वर्षीच्या ‘विदिन अवर गेट्स’मध्ये त्याने याहून कठोर गोष्ट सांगितली. नायिका सिल्व्हिया हिला वाढवणाऱ्या काळ्या कुळाच्या जोडप्याला, जमीनदाराच्या खुनाचा खोटा आळ घेऊन, गोरा जमाव फाशी देतो. त्याच वेळी त्या जमीनदाराचा भाऊ सिल्व्हियावर झडप घालतो. झटापटीत तिच्या छातीवरचा जुना व्रण त्याला दिसतो आणि तो थबकतो. ती त्याचीच, काळ्या स्त्रीपासून झालेली मुलगी आहे. पाहा, इथेही खूण आहेच! पण आपल्या नाटकातल्या तिळाने मुलीला बाप मिळतो. इथल्या व्रणाने बापाला आपण काय करायला निघालो होतो हे कळते. काळे पुरुष गोऱ्या स्त्रियांच्या अब्रूला धोका आहेत की काय अशा थाटाचे कायदे करणाऱ्या समाजाला, मिश्र रक्त मुळात आले कुठून, हे त्याने एका प्रसंगात दाखवले.

हा चित्रपट शिकागोत जानेवारी १९२० मध्ये लागला. आदल्याच उन्हाळ्यात तिथे वांशिक दंगल होऊन ३८ माणसे मेली होती. सेन्सॉर बिथरले, काही काळे पुढारीसुद्धा ‘आता हे नको’ म्हणाले. मिशोने काटछाट करून परवानगी मिळवली. त्या काटछाटीचीच त्याने पुढे जाहिरात केली म्हणतात; मला ते सहज खरे वाटते.

व्यापार

या माणसाच्या कलेइतकाच त्याचा व्यापार वाचनीय आहे. ‘द होमस्टेडर’ कादंबरी वाचून १९१८ साली काळ्या मालकांच्याच एका चित्रपटसंस्थेने तिचे हक्क मागितले. मिशो म्हणाला, देतो, पण चित्रपट माझ्या देखरेखीखाली झाला पाहिजे. ते कबूल होईनात. चित्रपटाचा कॅमेरा कसा चालतो हे ज्याला ठाऊक नव्हते त्या मिशोने मग स्वतःचीच कंपनी काढली, आणि भागभांडवल मागायला गेला तो ज्यांना दारोदार पुस्तके विकली होती त्याच गोऱ्या शेतकऱ्यांकडे! त्यांनी ते दिले. फेब्रुवारी १९१९ मध्ये शिकागोच्या एका लष्करी सभागृहात हा आठ रिळांचा चित्रपट झळकला. काळ्या माणसाने काढलेला तो पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट.

पुढचा क्रम ठरून गेला. एक चित्रपट तयार झाला की डबे मोटारीत टाकायचे आणि काळ्या वस्तीतल्या चित्रपटगृहांचे मालक गाठायचे. मिशो अंगाने धिप्पाड, बोलायला पटाईत, अंगात उंची लांब कोट. मालकासमोर तो पुढच्या चित्रपटाच्या नटनट्यांची छायाचित्रे पसरी आणि त्यावर आगाऊ रक्कम उचली. त्या रकमेतून पुढचा चित्रपट. दक्षिणेत गोऱ्यांच्या चित्रपटगृहांतही काळ्यांसाठी मध्यरात्रीचे खेळ होत. तेही त्याने सोडले नाहीत. नटांना तो ‘काळा व्हॅलेंटिनो’ वगैरे बिरुदे चिकटवी. ओळखीच्यांच्या दिवाणखान्यांत चित्रण उरकी. एक दृश्य शक्यतो एकदाच घ्यायचे. नट वाक्य विसरला आणि अडखळून पुन्हा बोलला, तरी ते तसेच राहायचे, कारण कच्ची फिल्म महाग. त्याचे बोलपट पाहताना हे जाणवते आणि खटकते. त्याचा अभिमान असणाऱ्यांनीही ते झाकण्याचे कारण नाही.

प्रत्येक राज्याचे सेन्सॉर वेगळे, प्रत्येकाची कात्री वेगळी. शिकागोत दाखवलेला चित्रपट न्यूयॉर्कमध्ये तसाच असेल याचा नेम नसे. पॉल रोब्सन हा थोर गायक-नट पहिल्यांदा पडद्यावर आला तो मिशोच्याच १९२५ च्या ‘बॉडी अँड सोल’मध्ये, लबाड धर्मोपदेशकाच्या भूमिकेत. न्यूयॉर्कच्या सेन्सॉरांनी तो अडवला, मग जोडकाम करून सुटला.

चार्ल्स चेस्नट या लेखकाच्या कादंबरीचे हक्क त्याने पाचशे डॉलरला, तेही हप्त्याने, घेतले. चेस्नट स्वतः दिसायला गोरा. मनात आणता तर सहज निसटला असता, पण काळा म्हणूनच जगला. त्याच्या कादंबरीची नायिका रीना मात्र गोरी म्हणून एका जमीनदाराशी लग्न करायला निघते. या चित्रपटावर व्हर्जिनियाच्या सेन्सॉरांनी १९२५ साली हत्यार उपसले. नुकताच ‘एका थेंबा’चा कायदा करून बसलेल्या राज्याला, एक थेंब ओळखू येत नाही हे दाखवणारा चित्रपट कसा सोसावा? मिशोने १९३२ साली तीच गोष्ट बोलपटात पुन्हा काढली. सोडणे हा शब्द त्याच्या कोशात नव्हता. १९२८ साली दिवाळे निघाले, तरी १९३१ साली तो ‘द एक्झाइल’ घेऊन पुन्हा उभा. हाच त्या गोष्टीचा दुसरा अवतार, आणि काळ्या दिग्दर्शकाचा पहिला पूर्ण लांबीचा बोलपट. या पडत्या काळात त्याला साथ होती ती ॲलिस रसेल या पत्नीची. १९२६ साली त्यांचे लग्न झाले, आणि ती त्याच्या चित्रपटांतली नटीही होती आणि कामातली भागीदारही.

नेओमी

आता मिशोच्या चाहत्यांना अडचणीची वाटणारी गोष्ट सांगितली पाहिजे. १९३८ साली त्याने ‘गॉड्स स्टेप चिल्ड्रेन’ काढला. देवाची सावत्र लेकरे. नेओमी ही उजळ रंगाची तान्ही मुलगी एक अनोळखी बाई एका काळ्या विधवेच्या ओटीत टाकून जाते. ही विधवा ॲलिस रसेलनेच रंगवली आहे. मुलगी मोठी होऊ लागते आणि काळ्यांच्या शाळेत जायला नकार देते. चोरून गोऱ्यांच्या शाळेत जाऊन बसते, शिक्षिकेवर थुंकते. पुढे तिचे लग्न एका सावळ्या, सरळ शेतकऱ्याशी लावून देतात. ती नवरा आणि मूल टाकून गोऱ्यांत निघून जाते. शेवटी एका रात्री परत येते, खिडकीतून आपलेच घर आत दिव्याच्या उजेडात बसलेले पाहते, आणि जाऊन नदीत जीव देते.

हार्लेममध्ये चित्रपट लागताच निदर्शने झाली. चित्रपट काळ्या समाजात उजळ आणि सावळे अशी फूट पाडतो, असा आक्षेप होता. तो अगदीच खोटा म्हणता येत नाही. मिशोच्या नायक-नायिका पाहा, बहुतेक उजळ. दुष्ट आणि विदूषक बहुधा गडद. जो हिशेब मोडायला तो निघाला होता, त्याची वही त्याच्याही खिशात होती. चित्रपट तिथून काढून घ्यावा लागला.

पण नेओमीचे तोंड मला विसरता येत नाही. ती लहान मुलगी म्हणते काय, तर मला तिकडे जायचे आहे, जिथे शाळा चांगली आहे. तिला शिक्षा देणाऱ्या दिग्दर्शकाने जवळजवळ तीस वर्षांपूर्वी स्वतःला एक शिक्षा करून घेतली होती. तिने हद्द ओलांडली, त्याने ओलांडली नाही, आणि सुखी दोघेही झाले नाहीत. ‘द होमस्टेडर’ची नायिका एका बातमीने जिथे सुखरूप घरी पोचते, तिथे नेओमी नुसती खिडकीबाहेर उभी राहते. एकाच माणसाच्या मनात या दोन्ही मुली होत्या. हॉलिवुडने हा विषय हाताळला तेव्हा १९४९ च्या ‘पिंकी’त अशा मुलीची भूमिका सरळ एका गोऱ्या नटीला दिली. म्हणजे प्रेक्षकांना धास्ती नको! मिशोची नेओमी कितीही कच्ची असो, ती त्या लोकांतलीच होती.

१९४० नंतर धंदा आटला. हॉलिवुडने मोठ्या भांडवलाचे चित्रपट गल्लीगल्लीत नेले, काळ्या वस्तीतही. मिशो पुन्हा कादंबऱ्या लिहून विकू लागला. जणू तीस वर्षांचा फेरा पुरा झाला. विकलेल्या पुस्तकांच्या पैशांतून १९४८ साली त्याने शेवटचा डाव मांडला. ‘द बिट्रेयल’, तीच गोष्ट, तोच माळरानावरचा शेतकरी, तीच मुलगी. तीन तासांहून मोठा चित्रपट. या वेळी न्यूयॉर्कच्या गोऱ्या वस्तीतल्या नाट्यगृहात त्याचा पहिला खेळ झाला, आणि टीकाकारांनी त्याचे वाभाडे काढले. पैसे बुडाले. २५ मार्च १९५१ रोजी नॉर्थ कॅरोलायनातल्या शार्लट गावी, फिरतीवर असतानाच, तो वारला. कॅन्ससमधल्या ग्रेट बेंड या गावी त्याचे दफन झाले. १९८६ नंतर दिग्दर्शकांच्या संस्थेचा मान, हॉलिवुडच्या पदपथावर तारा, २०१० साली टपालाचे तिकीट, असे सर्व यथासांग झाले.

त्या तीन चित्रपटांपैकी आज फक्त मधला उरला आहे. १९१९ चाही नाही आणि १९४८ चाही नाही. एकूण चाळीसपैकी जेमतेम पंधराएक हाती लागतात. मूकपट तर तीनच. त्यांतला ‘विदिन अवर गेट्स’ अमेरिकेत कुठेच उरला नव्हता. त्याची एक प्रत सापडली ती माद्रिदच्या चित्रसंग्रहालयात, ‘ला नेग्रा’, म्हणजे ‘काळी’, अशा स्पॅनिश नावाखाली. सिल्व्हिया दिसायला जवळजवळ गोरी आहे. पण डब्यावर नाव ‘काळी’. १९९३ साली वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याची डागडुजी केली, तेव्हा मिशोची मूळ इंग्रजी वाक्ये कोणाजवळच नव्हती. स्पॅनिश पाट्यांचे उलट इंग्रजी भाषांतर करावे लागले, आणि मिशो कसा लिहीत असे ते पाहण्यासाठी त्याच्या जुन्या कादंबऱ्या पुन्हा उघडाव्या लागल्या.